पॉम्पेईवर लाव्हा आलाच नव्हता

इटलीतल्या पॉम्पेईच्या गेटमधून आत शिरून दहा मिनिटंही झाली नसतील, भाच्याने विचारलं, "मावशी, लाव्हा कुठेय?" आणि मी आपली भिंतींकडे, रस्त्याकडे, कोपऱ्यात साचलेल्या मातीकडे बघत राहिले, कारण खरंच कुठे दिसत नव्हता. बाबा म्हणाले, काढला असेल खणून. मला तेव्हा ते पटलंसुद्धा.

शाळेपासून आपल्या डोक्यात पॉम्पेई म्हणजे एवढंच बसलेलं असतं की ज्वालामुखी फुटला, लाव्हा वाहत आला, गाव त्याच्याखाली गेलं आणि माणसं होती तिथे दगड होऊन बसली. यातलं ज्वालामुखी फुटला आणि गाव गाडलं गेलं एवढं बरोबर आहे. लाव्हा आला हे चूक, माणसं दगड झाली हे तर साफच चूक. आम्ही नेपल्सला मुक्काम करून एक दिवस पॉम्पेई आणि दुसऱ्या दिवशी व्हेसुव्हियसचा, म्हणजे त्या ज्वालामुखीचा चढ असं केलं, मधल्या रात्री आणि नंतर घरी येऊन मी यावर बरंच वाचलं, आणि नक्की काय झालं होतं ते कळल्यावर दोन्ही जागा पूर्ण वेगळ्या दिसायला लागल्या. म्हणून हे लिहितेय. कुणी जाणार असाल तर हे आधी डोक्यात असू दे, नाहीतर पॉम्पेई म्हणजे उन्हात चालायच्या पडक्या भिंती वाटू शकतात, खोटं कशाला बोला.

आधी जागा कशी आहे ते. नेपल्सचं आखात आहे, त्याच्या काठाला व्हेसुव्हियस उभा आहे. उंची १२८१ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा किंचित कमीच, पण सिंहगड बघताना आपण पुण्यातून म्हणजे आधीच साडेपाचशे मीटरवरून बघतो आणि हा समुद्राच्या पाण्यापासून सरळ वर गेलेला, त्यामुळे बराच मोठा वाटतो. त्याच्या आग्नेयेला साधारण दहा किलोमीटरवर पॉम्पेई आणि पश्चिमेला समुद्राच्या बाजूला हर्क्युलेनियम, तेव्हाच गाडलं गेलेलं दुसरं गाव, ज्याच्या डोक्यावर आज एर्कोलानो नावाचं जितंजागतं गाव बसलंय. एक आग्नेयेला, एक पश्चिमेला, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुळात ज्वालामुखी फुटतो म्हणजे काय होतं. आपण महाराष्ट्रातले लोक ज्वालामुखीच्याच दगडावर राहतो. सह्याद्रीचा काळा कातळ, गडांचे कडे, लेणी, सगळा दख्खनचा बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून पातळ लाव्हा निघाला, पसरला, थंड झाला, मग त्याच्यावर पुढचा, असे थरावर थर. म्हणूनच आपले डोंगर पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात. तो पातळ लाव्हा होता, त्यातला गॅस सहज निघून जायचा, त्यामुळे स्फोट कमी आणि वाहणं जास्त. व्हेसुव्हियसच्या पोटात इ.स. ७९ साली, म्हणजे पॉम्पेई गाडलं गेलं तेव्हा, जे होतं ते चिकट होतं आणि त्यात गॅस ठासून भरलेला, मुख्यतः पाण्याची वाफ. खोलवर दाब असतो तोपर्यंत हा गॅस त्या वितळलेल्या दगडात विरघळून गप्प बसतो.

गोटी सोडा आठवा. बाटली बंद असताना आतमध्ये काहीच दिसत नाही, साधं पाणी वाटतं. गोटी आत दाबली की दाब सुटतो आणि विरघळलेला गॅस एकदम बुडबुडे होऊन सगळा फेस वर. इथे तेच, फक्त पाण्याच्या जागी वितळलेला दगड, आणि तो चिकट असल्यामुळे बुडबुडे सुटून जाऊ शकत नाहीत, आतल्या आत फुगत जातात आणि शेवटी तो अख्खा फेसच फाटून त्याच्या चिंधड्या होतात. मोठ्या चिंधड्या म्हणजे प्युमिस, आपण टाचा घासायला आणतो तो भोकाभोकांचा हलका दगड, पाण्यावर तरंगतो तो. बारीक चिंधड्या म्हणजे राख. ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते बरं का, काहीही जळून झालेली नसते ती, ती काचेची पूड असते, अक्षरशः, बुडबुड्यांच्या फुटलेल्या भिंती. नाकात गेली तर काय होईल विचार करा.

म्हणजे त्या दिवशी डोंगरातून वाहणारा लाव्हा निघालाच नाही. निघाला तो दगडाचा फेस, आणि तो वर गेला.

किती वर, तर तीसेक किलोमीटर. विमानं उडतात त्याच्या जवळजवळ तिप्पट. दुपारच्या सुमाराला हा खांब उभा राहिला आणि तो बघितलेल्या एका माणसाने लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला एवढं तरी माहीत आहे. धाकटा प्लिनी, वय १७, आखाताच्या दुसऱ्या टोकाला मिसेनम नावाच्या आरमाराच्या तळावर मामाकडे होता. मामा म्हणजे थोरला प्लिनी, तिथल्या आरमाराचा प्रमुख आणि वर मोठा विद्वान. ढग कसा दिसत होता, तर पाइनच्या झाडासारखा, उंच खोड आणि वर फांद्या पसरलेल्या. तिकडचा पाइन आपल्या ख्रिसमसच्या झाडासारखा टोकदार नसतो, उघडलेल्या छत्रीसारखा असतो, नेपल्समध्ये रस्त्यारस्त्यावर दिसतो, आणि तो बघितला की वर्णन एकदम चपखल बसतं. मामाने जवळून बघायला जहाज काढायला सांगितलं, भाच्याला म्हणाला येतोस का, भाचा म्हणाला नको, मला अभ्यास आहे. खरंच असं लिहिलंय त्याने. तो वाचला, मामा गेला. पुढे पंचवीसेक वर्षांनी इतिहासकार टॅसिटसने विचारलं म्हणून त्याने दोन पत्रांत हे सगळं सांगितलं, आणि आजही अशा प्रकारच्या उद्रेकाला शास्त्रज्ञ प्लिनियन उद्रेक म्हणतात.

आता मुख्य गोष्ट, जी मला तिथे उभं राहून कळली नव्हती. पॉम्पेईचा शेवट एका झटक्यात झाला नाही. दोन भागांत झाला, आणि दोन्ही भाग एकमेकांपेक्षा अगदी वेगळे होते.

पहिला भाग म्हणजे दगडांचा पाऊस. वर गेलेला फेस वाऱ्याने आग्नेयेकडे ढकलला, म्हणजे नेमका पॉम्पेईवर, आणि दुपारपासून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत, साधारण १८ तास, प्युमिसचे खडे पडत राहिले, आधी पांढरे मग करडे. तासाला वीतभरापेक्षा थोडा कमी असा थर चढत चढत शेवटी पावणेतीन मीटरच्या आसपास गेला. खडे हलके, त्यामुळे डोक्यात पडून लगेच मरायला होत नव्हतं, तरी मधूनमधून मोठे जड दगडही येत होतेच, प्लिनीने लिहिलंय की मामाबरोबरच्या लोकांनी डोक्यावर उशा बांधल्या होत्या. पण खरा धोका छपरांचा. खडे छपरावर साचत गेले, वजन वाढत गेलं, आणि छपरं खाली बसली, आत आसऱ्याला थांबलेल्यांवर. सापडलेल्या सांगाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश या थरात सापडलेत.

पण, आणि हा पण मोठा आहे, या वेळात निघता येत होतं. अंधार होता, भयंकर होतं, पण रस्ता होता. शहराची वस्ती दहा-बारा हजारांची असावी असा अंदाज आहे आणि आतापर्यंत खणलेल्या दोन तृतीयांश भागात सापडलेले देह अकराशे-बाराशेच्या घरात, म्हणजे बहुतेक लोक बाहेर पडले होते. पुढे किती गाठले गेले ते वेगळं. जे थांबले ते का थांबले असतील, घर, म्हातारी माणसं, दागिने, मालक जाऊ देत नाही, किंवा आपण सगळेच करतो तसं, थोडा कमी झाला की निघू. मला वाटतं की हा विचार करूनच फिरावं तिथे. गाव अचानक गेलं म्हटलं की त्या लोकांच्या हातात काहीच नव्हतं असं होतं, आणि ते तसं नव्हतं.

पॉम्पेईत दुसरा भाग पहाटे सुरू झाला. कारंजं बघा, पंपाचा जोर आहे तोवर पाणी वर जातं, जोर कमी झाला की तेच पाणी स्वतःच्या वजनाने धपकन खाली येतं. तो तीस किलोमीटरचा खांब तसा कोसळला. वर जायला लागणारी उचल संपली आणि गरम गॅस, राख, खडे यांचं मिश्रण डोंगराच्या उतारावरून खाली धावत सुटलं. याला पायरोक्लास्टिक प्रवाह म्हणतात. नाव सोडून द्या, पिठाच्या गिरणीत गोणी धपकन आपटली की पीठ जमिनीला धरून चहूबाजूंना कसं उसळत जातं तसं, फक्त ते शेकडो अंशाचं तापलेलं आणि ताशी शंभरच्या वर वेगाने येणारं. याच्या पुढे पळता येत नाही, घरात लपून उपयोग नाही, दाराच्या फटीतूनही राख येते. दगडांचा पाऊस थांबल्यावर काहीजण त्या पावणेतीन मीटरच्या खड्यांवरून चालत बाहेर निघाले होते, गेला एकदाचा असं वाटलं असणार त्यांना. ते याच्यात सापडले.

हर्क्युलेनियमचं उलटं झालं. वारा त्यांच्या विरुद्ध दिशेला होता म्हणून दिवसभर तिथे खडे फारसे पडलेच नाहीत, आणि मग रात्री पहिला प्रवाह नेमका पश्चिमेला आला. किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या कमानींमध्ये तीनशेच्या आसपास सांगाडे सापडले, १९८० नंतर. तोवर लोक समजत होते की हे गाव सगळं वेळेत निसटलं. तिथे थर वीस मीटरपर्यंत जाड आहे आणि उष्णता इतकी की लाकडाचा कोळसा झाला, आणि कोळसा झाल्यामुळेच ते टिकलं. दारं, पलंग, एक पाळणासुद्धा. वेळ कमी असेल तर मी सांगेन पॉम्पेईतले दोन तास कापा पण हर्क्युलेनियमला जा. लहान आहे, गर्दी कमी, आणि वरचा मजला उभा आहे.

आता "दगड झालेली माणसं". काचेच्या पेटीत पडलेली, गुडघे दुमडलेली, तोंडावर हात घेतलेली, ती बघून भाचा गप्प झाला आणि मीही. पण ती माणसं नाहीत, ते ओतीव पुतळे आहेत, प्लॅस्टरचे. झालं असं की दुसऱ्या भागातली बारीक राख देहाभोवती घट्ट बसली आणि कडक झाली. आतला देह काळाने कुजून गेला, हाडं राहिली आणि भोवती देहाच्या आकाराची पोकळी. गणपतीच्या मूर्तीचा साचा असतो ना, तसा साचा आधी निसर्गाने बनवून ठेवला होता. १८६३ मध्ये ज्युझेप्पे फिओरेल्ली या उत्खननप्रमुखाने युक्ती केली, खणताना पोकळी लागली की थांबायचं, भोकातून पातळ प्लॅस्टर ओतायचं, सुकलं की भोवतीची राख फोडायची. असे शंभराच्या वर पुतळे निघाले. आणि इथे ते दोन भाग परत उपयोगी पडतात. पहिल्या भागात गेलेल्यांचे असे पुतळे निघत नाहीत, कारण खडे सुटे असतात, देह गेला की घरंगळून पोकळी भरून टाकतात, तिथे फक्त सांगाडा मिळतो. म्हणजे काचेच्या पेटीत दिसणारा प्रत्येक जण हा आदल्या दिवशीचे १८ तास जगलेला माणूस आहे.

यांच्या गोष्टी मात्र जपून ऐका. एका घरात सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिच्या अंगावर मूल असा पुतळा म्हणून वर्षानुवर्षं दाखवला जायचा, गाइड लोक डोळ्यात पाणी आणून सांगायचे. २०२४ मध्ये प्लॅस्टरमधल्या हाडांचा डीएनए तपासला तर ती "आई" पुरुष निघाली आणि मुलाशी काही नातं नाही. अंगावर दागिना म्हणजे बाई आणि बाईजवळ मूल म्हणजे आई, हे आपणच ठरवून टाकलं होतं.

तारखेचंही तसंच. पुस्तकांत सगळीकडे २४ ऑगस्ट असते, प्लिनीच्या पत्रांच्या हस्तलिखितांवरून आलेली. पण डाळिंबं वगैरे शरदातली फळं सापडत होती, थंडीच्या शेगड्या, नवीन वाईन भरून बंद केलेले रांजण, त्यामुळे लोकांना शंका होतीच, आणि २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली तारीख मिळाली जी आपल्या हिशोबाने १७ ऑक्टोबर येते. साल लिहिलेलं नाही, पण कोळशाचं खरडणं फार वर्षं टिकत नाही, म्हणून आता बरेच अभ्यासक उद्रेक ऑक्टोबरच्या शेवटी धरतात.

एवढं सगळं मरणाचं झालं, पण पॉम्पेईत दिवसभर फिरताना खरं म्हणजे बाजारात फिरल्यासारखंच वाटतं. कोपऱ्याकोपऱ्यावर ओटे, त्यात गोल भोकं आणि खाली पुरलेले मडक्यांसारखे डेरे, ही त्यांची खानावळ, थर्मोपोलियम, दुपारचं खाणं लोक इथेच उभ्याउभ्या खायचे. २०२० मध्ये एक अख्खी रंगवलेली निघाली, ओट्यावर बदकांची चित्रं आणि डेऱ्यांच्या तळाशी बदक, डुक्कर, मासे, गोगलगायी यांचे अवशेष. रस्त्याच्या मधोमध उंच दगड ठेवलेत, पावसात आणि सांडपाण्यात पाय न भिजवता पलीकडे जायला, आणि त्यांच्या मधून गाडीची चाकं जातील एवढी फट, चाकांच्या खोल चाकोऱ्या अजून दिसतात. झेब्रा क्रॉसिंगच म्हणा की. भिंतींवर निवडणुकीचा प्रचार. अमक्याला निवडून द्या, फळवाल्यांचा पाठिंबा. एका वाटिया नावाच्या उमेदवाराला तर रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा पाठिंबा, झोपाळूंचा पाठिंबा आणि भुरट्या चोरांचाही पाठिंबा असं रंगवलंय, आता हे त्याच्या विरोधकांनी केलं की मित्रांनी चेष्टा केली देव जाणे. बाबा म्हणाले, आपल्याकडे निदान बॅनर उतरवतात तरी, हे दोन हजार वर्षं लटकलंय.

रस्त्याचे मोठे काळे फरशीसारखे दगड बघून बाबांनी वाकून हात लावला, "हा तर आपलाच दगड." जवळजवळ. दिसायला आपल्या काळ्या पाषाणासारखाच पण नीट बघितलं तर त्यात पांढरे बारीक ठिपके असतात, ल्युसाइट नावाच्या खनिजाचे. तर हा सगळा लाव्हा आहे, गोठलेला. आणि पॉम्पेई हे शहर ज्या उंचवट्यावर बसलंय तोही लाव्ह्याचाच आहे, शहर वसायच्या कितीतरी आधी वाहून आलेला. म्हणजे भाच्याने लाव्हा कुठेय विचारलं तेव्हा तो लाव्ह्यावर उभा होता. डोक्यावर नाही आला, पायाखाली होता. हे मला रात्री वाचताना कळलं आणि मी त्याला उठवून सांगणार होते पण बहिणीने डोळे वटारले.

एक गोष्ट मात्र आपल्या घरची आहे आणि ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञांना पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंती मूर्ती सापडली, पाव मीटरपेक्षा जरा कमी उंचीची, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी, सरळसरळ भारतीय. नाव पडलं पॉम्पेईची लक्ष्मी, पण ती लक्ष्मीपेक्षा यक्षी असावी असं बरेच जण म्हणतात, आणि डोक्यातून आरपार भोक आहे म्हणजे आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असेल. आता मजा अशी की हिच्यासारख्याच हस्तिदंती बायका आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यात तेरला आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडल्यात. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर, हो तेच. सातवाहनांच्या काळात ते मोठं व्यापारी गाव होतं, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वर्णनात पैठण आणि तगर म्हणजे तेर इथून गाड्यांनी माल भडोचच्या बंदराला जातो असं आलंय, तिथून जहाजाने पुढे. मूर्ती नक्की कुठे घडली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत कारण तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, पण भोकरदनची असावी असं एक मत जोरात आहे. मी तिथे काचेसमोर उभी राहून बराच वेळ बघत होते. मराठवाड्यातून निघालेली असेल तर बैलगाडी, जहाज, तांबडा समुद्र, मग उंट, मग परत जहाज, आणि इतकं करून एका पेटीत ठेवली गेली आणि वरून दगडाचा फेस पडला.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. नेपल्सहून लोकल ट्रेनने पॉम्पेई स्कावी नावाच्या स्टेशनला उतरायचं, गावातलं पॉम्पेई स्टेशन वेगळं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून रोज २०,००० लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे उन्हाळ्यात आधी काढा. आत सावली जवळजवळ नाही. बाटली न्या, जागोजागी नळ आहेत. एका दिवसात पॉम्पेई आणि व्हेसुव्हियस दोन्ही उरकता येतं असं सगळे सांगतात, येतं, पण मग दोन्ही उरकलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी डोंगर. बस हजार मीटरवरच्या पार्किंगपर्यंत नेते, तिथून चढ फक्त दीडशे-पावणेदोनशे मीटरचा, म्हणजे ज्याने एकदा तरी सिंहगड पायी केलाय त्याला हे काहीच नाही. पण वाट सगळी घसाऱ्याची. लालसर काळे भुसभुशीत खडे, एक पाऊल वर टाकलं की अर्धं मागे. बाबांनी काठी घेतली नव्हती, नको म्हणाले, मग अर्ध्या वाटेवर भाच्याच्या खांद्यावर हात. वर वारा जोरात आणि थंड होता, खाली पॉम्पेईत आदल्या दिवशी भाजलो होतो म्हणून मी जॅकेट हॉटेलवर ठेवलं होतं, तो मूर्खपणा करू नका. तिकीट इथेही आधी ऑनलाइन वेळेच्या स्लॉटसकट काढायचं असतं, वर मोबाइलच्या रेंजच्या भरवशावर राहू नका.

चढताना एक गोष्ट समजून घ्या. हा डोंगर रोमन लोकांनी बघितलेला डोंगर नाहीच. खालून बघितलं तर व्हेसुव्हियसला दोन टोकं दिसतात, एक निमुळता सुळका आणि त्याच्या मागे अर्धवर्तुळाकार तुटका कडा. तो कडा म्हणजे मॉन्ते सोमा, जुन्या मोठ्या ज्वालामुखीची उरलेली भिंत, आणि आपण चढतो तो सुळका त्या जुन्याच्या पोटात नंतरच्या उद्रेकांनी वाढत गेलेला. त्या काळी वर हिरवीगार झाडी आणि द्राक्षांचे मळे होते, इ.स.पू. ७३ मध्ये बंडखोर गुलामांचा नेता स्पार्टाकस याच डोंगरावर लपला होता आणि रानद्राक्षांच्या वेलींच्या शिड्या करून कड्यावरून खाली उतरून त्याने रोमन तुकडीला मागून गाठलं होतं. तिथे राहणाऱ्यांना हा डोंगर म्हणजे चांगली जमीन आणि चांगली वाईन, बस. उद्रेकाच्या सतरा वर्षं आधी, इ.स. ६२ साली, मोठा भूकंप झाला होता, त्याची डागडुजी ७९ मध्येही चालूच होती, पण भूकंप आणि डोंगर यांचा संबंध जोडायला त्यांच्याकडे काही नव्हतंच.

विवराच्या कडेला पोचलं की आधी सगळे गप्प होतात मग सगळे फोन काढतात. साडेचारशे मीटर रुंद, तीनशे मीटर खोल, आत लाल रटरटणारं काहीही नाही, फक्त दगड आणि आतल्या कड्यांना थर, पट्ट्या पट्ट्या, एकेका उद्रेकाच्या. एका बाजूला भिंतीतून बारीक वाफ निघत होती. भाचा म्हणाला चहा ठेवलाय खाली. झोपलाय, विझलेला नाही, आणि याची सगळ्यात जास्त जाणीव तिथल्याच लोकांना आहे. १८४१ मध्ये याच डोंगराच्या उतारावर ज्वालामुखीवर नजर ठेवायची जगातली पहिली वेधशाळा स्थापन झाली, आता काम नेपल्समधून चालतं, जमिनीचं हलणं, फुगणं, गॅस, सगळं चोवीस तास मोजतात. डोंगराच्या धोक्याच्या पट्ट्यात २५ गावं आणि सात लाखांच्या आसपास माणसं आहेत आणि सरकारची योजना अशी की इशारा मिळाला की ७२ तासांत सगळी हलवायची. वरून खाली बघितलं तर घरं पार डोंगराच्या अंगावर चढत आलेली दिसतात. का राहतात असं विचारायच्या आधी आपली काळी कसदार जमीन आठवा, ती बसाल्टचीच झीज आहे, इकडेही ज्वालामुखीच्या राखेची माती, त्यात छोटे टोमॅटो आणि द्राक्षं अशी येतात की लोक सोडत नाहीत. शिवाय नेपल्सच्या घराचे भाव.

शेवटचा उद्रेक मार्च १९४४ चा, ऐन महायुद्धात. दोस्तांच्या फौजा नेपल्समध्ये होत्या, जवळच्या विमानतळावर उभी असलेली त्यांची ऐंशीच्या आसपास बॉम्बफेकी विमानं गरम खडे आणि राख पडून निकामी झाली, जर्मनांनी एक गोळी न झाडता. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान त्या काळात इटलीतच लढत होते, माणगावचे नाईक यशवंत घाडगे त्याच वर्षी जुलैमध्ये तिकडे उत्तरेला पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या उद्रेकात मात्र लाव्हा होता. वाहत खाली आला आणि सान सेबास्तियानो गावाची घरं घेऊन गेला, पण हळू, लोकांना चालत बाहेर पडता येईल इतका हळू. वाहणारा लाव्हा घर खातो, माणूस बहुतेक वेळा वाचतो. पॉम्पेईवर तो आला असता तर कदाचित आज बघायला भिंती नसत्या आणि पुतळेही नसते.

उतरताना बस एका वळणावर हळू झाली आणि खाली दरीत चंदेरी-करड्या रंगाचा, गोठलेल्या खिरीवर सुरकुत्या पडाव्यात तसा रुंद पट्टा दिसला. रंग दगडाचा नाही, त्याच्यावर उगवलेल्या शेवाळासारख्या लायकेनचा, लाव्ह्यावर सगळ्यात आधी येते ती हीच. मी सांगायच्या आत भाच्याने आजोबांना खिडकीकडे ओढलं, "आजोबा बघा बघा, हा खरा. चव्वेचाळीसचा." बाबा १९५१ चे. म्हणाले, "म्हणजे माझ्यापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठा," आणि चष्मा काढून नीट पुसून परत बघायला लागले.